मागितलेले हात

जहाज बेटाभोवतीच्या खडकांच्या कड्याबाहेर उभं होतं आणि पहिली होडी माणसं घेऊन किनाऱ्याकडे येत होती. गाव पाण्याच्या काठाशी जमलं होतं. तेराकाबाई, इथल्या भाषेत नेई तेराका, मात्र गर्दीत नव्हती. ती अलीकडे, केवड्याच्या झुडपापाशी उभी होती. गावात जाणारी पायवाट तिथूनच जाते. अरितीता उतरल्यावर आधी कोणाकडे जाईल हे तिला ठाऊक होतं. पण आपण वाटेतच उभ्या राहिलो तर पोरीला दोन पावलं तरी थांबावं लागेल, एवढाच तिचा बेत होता.

अरितीता होडीतून उतरली ती गुडघाभर पाण्यात. सातवा महिना, चेहरा सुजलेला, राजधानीच्या बेटावरून, तारावाहून, चार दिवस डेकवर झोपून आलेली. नवरा परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी, म्हणून बाळंतपणाला ती गावी आली होती. लाटेने ती जरा कलंडली आणि तेराकाचा पाय आपोआप पुढे पडला. तेवढ्यात बातियाता कपड्यांनिशी पाण्यात शिरली, पोरीच्या कमरेला हात घातला आणि मोठ्याने हसली. अरितीताही हसली. दोघी तशाच बिलगून वर आल्या.

झुडपापाशी अरितीता थांबली खरी. वाकून तिने तेराकाच्या गालाला गाल लावला.

"कशी आहेस, तेराका-आई?"

"बरी आहे. तू वाळलीस."

"वाळले कुठली, बघ ना केवढी झालेय." आणि ती पुढे गेली.

तेराका-आई. या बेटावर आईच्या सगळ्या बहिणींना आईच म्हणतात, चुलत, मावस, कोणीही असो, फक्त नाव लावून. नाव न लावता नुसती आई एकच असते. अरितीताची नुसती आई बातियाता होती. आणि तिला जन्म देणारी तेराका, नावाची.

संध्याकाळी अरितीताने आणलेले पेटारे उघडले गेले. तेराकाला जाऊन बघावं लागलं नाही. इथल्या घरांना भिंती नसतात. खांब, वर झावळ्यांचं छप्पर आणि जमिनीपासून हातभर उंच मचाण. तेराकाच्या मचाणावरून बातियाताचं मचाण चाळीस पावलं होतं, आणि गेली तेवीस वर्षं त्या चाळीस पावलांमध्ये एक नारळाचं झाड सोडलं तर आडोसा काही नव्हता. पेटाऱ्यातून हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन निघालं. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. बातियाताने ते मांडीवर घेतलं, चाक फिरवलं आणि सुईचा टकटक आवाज तेराकाच्या मचाणापर्यंत आला.

तेराकाला बिस्किटांचा एक डबा आला आणि साबणाच्या दोन वड्या. गावातल्या प्रत्येक नाव लावलेल्या आईला जे आलं तेच. तिने डबा न उघडता आढ्याला टांगून ठेवला.

नेई मोआंगा, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, दुसऱ्या दिवशी काठी टेकत आली. तिने आधी वर डब्याकडे बघितलं.

"बिस्किटं पिकायला घातलीस होय गं?"

"मला नाही आवडत."

"हं. आणि मशीन आवडतं." म्हातारीने डबा काढायला लावला, चार बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि उरलेली कमरेला गुंडाळलेल्या लावालावाच्या ओच्यात बांधून नेली.

तेवीस वर्षांपूर्वीची चूक तेराकाची स्वतःचीच होती, त्यामुळे तिला कोणावर धड रागावताही येत नसे. तिसऱ्यांदा दिवस गेले होते. मानेआबात, गावाच्या सभाघरात, सगळ्या बायका चटयांसाठी केवड्याची पानं चिरत बसल्या होत्या. पोटातलं पोर जोरात फिरलं आणि तेराका हरखून बोलून गेली, "ही पोर आत्तापासून नाचते. अशी लाथ मारते की चटई हलावी. पहिल्या दोघांत काही दम नव्हता, हिच्यासारखं मूल साऱ्या गावात व्हायचं नाही."

बायकांचे हात थांबले. बातियाता, तिची चुलत बहीण, शेजारीच बसली होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि ओटी रिकामी होती. या बेटावर नातलगांसमोर कोणी आपल्या वस्तूची स्तुती करत नाही. आपल्या होडीला गळकी म्हणायचं, कोंबडीला रोडकी, बाबाईच्या कंदाला किडका. कारण नातलगाने समोर बसून मागितलं तर नाही म्हणता येत नाही. त्याला बुबुती म्हणतात. नाही म्हणणाऱ्या घराचं नाव मानेआबात पुढच्या दोन पिढ्या निघत राहतं. आणि तोंडाने स्तुती करणं म्हणजे वस्तूला मूठ बसवून देणं. ज्याला हवी त्याने धरावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातियाता आली. काळ्या तंबाखूच्या कांड्या आणि उकडलेला बाबाई तिने मचाणावर ठेवला आणि मांडी घालून बसली. तेराकाचा नवरा बेरेती माडी काढून नुकताच झाडावरून उतरला होता.

"मी मागायला आलेय," बातियाता म्हणाली. "चटई हलवणारी मला द्या."

बेरेतीने बायकोकडे बघितलं. बायकोने चटईकडे बघितलं. मग बेरेतीने तंबाखू उचलला. झालं.

दूध सुटल्यावर पोर चाळीस पावलं पलीकडे गेली. एकदा दिलं की जन्मदातीने त्यात तोंड घालायचं नाही, हा नियम. रागवायचं नाही, शिकवायचं नाही, पडली तर उचलायचं नाही. अरितीता सात वर्षांची असताना तेराकाच्याच अंगणातल्या पांढऱ्या खडीवर पडली होती, गुडघा फुटला होता. तेराका सूप खाली ठेवून उठेपर्यंत पोर तिच्या अंगावरून रडत पलीकडे पळाली, नुसत्या आईकडे. तेराका खाली बसली आणि सुपातले तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडले.

बातियाता वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण ती जाडजूड, हसरी आणि देती बाई होती. उडते मासे आले की पहिली केळीच्या पानातली पुडी तेराकाकडे यायची. बेरेती माडाच्या झाडावरून पडून गेला तेव्हा बातियाता आठ दिवस तिच्या चटईशेजारी झोपली. तेराकाची बाकीची मुलं एकेक करून बेटाबाहेर गेली. एक मुलगी लग्न होऊन अबाइआंगला, एक मुलगा तारावाला, एक कुठल्याशा जर्मन जहाजावर. परत आली ती एकटी अरितीता, आणि ती दुसऱ्याची. आता तर ती बातियाताचे केस मोकळे सोडून त्यांना खोबरेल लावत बसे, आणि तेराका ते बघत एकटीचा भात जेवत असे. भात गार होई.

मात्र एका गोष्टीसाठी बातियाताला तिच्याकडेच यावं लागलं. गर्भार बाईचं पोट चोळून द्यायला तेराकासारखे हात गावात कोणाचे नव्हते.

"येशील ना गं?" बातियाता म्हणाली. "मी चोळते तर ती म्हणते, आई, तू बाबाई कुटतेयस की काय."

तेराका रोज सकाळी तेलाची बाटली घेऊन जाऊ लागली. दूध सुटल्यापासून पहिल्यांदाच तिचा हात त्या अंगाला उघडपणे लागत होता. अरितीता डोळे मिटून पडे. पायाची दोन नंबरची बोटं अंगठ्याहून लांब होती, तेराकाचीही तशीच होती. हे बातियाताच्या कधी लक्षात आलं असेल का, असं तिला वाटे. यावं, असंही वाटे.

चौथ्या-पाचव्या दिवशी, पोटाखाली चिमुकली टाच सरकताना लागली आणि तेराकाच्या मनात ती गोष्ट आली. आपण मागायची. हे मूल आपण मागायचं. आजीने नातवंड मागून घेणं इथे रोजचं आहे, आणि अरितीताला नाही म्हणता येणार नाही. जिने आधी मागितलं तिचं. मग चाळीस पावलांपलीकडे बसून बघायची पाळी बातियाताची. तिचाही भात गार होऊ दे.

पण मागायचं तर अरितीता एकटी सापडायला हवी, आणि बातियाता तिच्यापासून हलत नव्हती. शिवाय तंबाखू हवा. तेराका सहकारी दुकानात गेली आणि तीन कांड्या मागितल्या.

दुकानदाराने तिच्याकडे बघितलं. "कोणाला?"

"दाढ दुखतेय."

"तीन कांड्यांची?"

"दुखतेय ना पण," तेराका म्हणाली आणि कांड्या कमरेला खोचून निघाली. नवऱ्यामागे नऊ वर्षं जिच्या घरात तंबाखूचा धूर निघाला नाही त्या बाईने तंबाखू नेला, ही बातमी तिच्या आधी गावात पोचली. विहिरीवर मोआंगा म्हातारी म्हणाली, "दाढ कशी आहे गं? बारशापर्यंत उतरेल ना?" तेराकाने घागर भरून उचलली.

नवव्या महिन्यात मूल आडवं झालं. दवाखान्यातल्या नर्सने पोट चाचपून तारावाला न्यायला सांगितलं, पण जहाज कधीच गेलं होतं आणि बिघडलेल्या विमानाचा सुटा भाग अजून यायचा होता. नर्सने तेराकाला बोलावून घेतलं आणि स्वतः शेजारी बसली. तीन दिवस तेराका त्या पोटाशी बसून होती. दाबायचं नाही, ढकलायचं नाही. मूल स्वतः हलेल तेव्हा फक्त वाट करून द्यायची. बातियाता डोक्याशी बसून पोरीचा हात धरून होती. अरितीता कळवळली की "आई गं" म्हणायची, आणि दर वेळी तेराकाचं मन ते शब्द उचलायला धावायचं, आणि दर वेळी ते डोक्याशी बसलेलीला मिळायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोट एकदम उंच झालं, ओघळलं, आणि डोकं खाली आलं. नर्सने पुन्हा चाचपलं आणि तेराकाच्या पाठीवर थाप मारली. बातियाता रडायला लागली. तेराकाला रडू आलं नाही. तिला एवढंच वाटलं, आता हे माझं.

मुलगी झाली. नाळ गळून पडली त्या दिवशी बातियाताच्या घरी बायका जमल्या. बातियाताचा नवरा कामातिए याने डुक्कर दिलं होतं, माडी आटवून केलेल्या काकवीची दोन पिंपं उघडली होती, नारळाच्या दुधात शिजवलेले नीरफणस होते. तेराकाच्या लावालावाच्या गाठीत तीन कांड्या होत्या. जेवणं झाली की बातियाता भांडी घेऊन विहिरीवर जाईल, तेव्हा मागायचं, असं तिने ठरवलं होतं.

बायका बातियाताभोवती जमल्या होत्या.

"पोरीला खायला काय घातलंस गं? बाळ बघ कसं गुटगुटीत."

"नशीबवान आहेस. एक मागितली, दोन झाल्या."

"आई असावी तर अशी. तीन दिवस पाण्याचा घोट घेतला नाही म्हणे."

बातियाता रीतीप्रमाणे म्हणत होती, "कसलं काय, मी म्हातारी निरुपयोगी. बाळही काळंच आहे." आणि हसत होती. तिने मशीनवर शिवलेला नवा तिबुता घातला होता, सैल पोलक्यासारखा, खांद्यावर बारीक चुण्या, निळा. बाळाला गुंडाळलं होतं तेही त्याच निळ्या कापडात.

तेराका खांबाला टेकून बसली होती. तीन दिवस उपाशी तीही होती. हे कोणी बोललं नाही. निळं कापड आणि निळा तिबुता बघता बघता तिने पान बाजूला सारलं.

"हे हात नसते," ती मोठ्याने म्हणाली, "तर मूल अजून आडवंच असतं." तिने दोन्ही हात पुढे धरले. "उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत शोधा. असे हात या बेटावर दुसरे नाहीत."

जेवणाऱ्या बायका थांबल्या. ती शांतता तेराकाने ओळखली. तेवीस वर्षांपूर्वी अशीच पानं चिरणारे हात थांबले होते. तोंडातून गेलेलं परत घ्यायला तिने तोंड उघडलं, पण बातियाताने कप खाली ठेवला होता. ती उठली, जड अंगाने तेराकासमोर आली आणि मांडी घालून बसली. नवऱ्याकडे न बघता तिने मागे हात केला आणि कामातिएने त्यात तंबाखू ठेवला. म्हणजे तयारी होती.

"मी मागायला आलेय," बातियाता म्हणाली. "हे हात मला दे. मूल लहान आहे, पोर ओली आहे, मला काही येत नाही. हात घेऊन इथे राहायला ये. कायमची."

कोणीतरी हळूच खोकलं. मोआंगा म्हातारी काकवी चाटत म्हणाली, "दाढ उतरली बहुतेक."

तेराकाने अरितीताकडे बघितलं. ती बाळाकडे बघत होती, पण कान इकडे होते. आत्ता मागावं का? मागता येत होतं. अरितीता हो म्हणालीही असती. पण मूल मागून न्यायचं कुठे? इथे राहायला आल्यावर तिचं घर हेच, आणि मूल तर या घरात होतंच. बातियाताने काही हिसकावलं नव्हतं. फक्त चाळीस पावलं काढून घेतली होती.

तेराकाने तंबाखू उचलला. दुसरं करण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिची चटई, उशी आणि तेलाची बाटली कामातिएने खांद्यावर घालून नेली. तिने आपल्या तीन कांड्याही त्याला देऊन टाकल्या. तो त्या आठवडाभर ओढत होता आणि धूर नेमका तिच्याकडे येत होता.

दुरून जळण्याला निदान अंतर तरी असतं. आता सगळं हाताशी होतं. बाळ रडलं की कोण आधी उठतं, अरितीता पहिला घास कोणाच्या पानात वाढते, हाक मारताना मान कोणाकडे वळते. बातियाता बाळाला उचली तेव्हा तेराका म्हणे, "मान धर." बातियाता म्हणे, "धरलीय गं." "तशी नाही." "मग घे तू." आणि बाळ मिळालं की तेराकाला वाटे, हे मिळालं ते हिने दिलं म्हणून.

मशीन रोज चाले. दुपारी बाळ झोपल्यावर बातियाता चाक फिरवी, अरितीता कापड धरी, दोघी कुजबुजत हसत. तेराका तेल चोळलेले हात मांडीवर ठेवून बसे. शिवणकाम तिला येत नव्हतं.

अडीच महिन्यांनी पुढचं जहाज आलं. त्यातून नेई वितिना उतरली, अरितीताची सासू, दुसऱ्या बेटावरची. उंच, वाळकी बाई, छत्री, आणि छत्रीच्या हाताला लोंबकळणारी एक पिशवी. तिने बसताना पिशवी शेजारी ठेवली आणि पिशवीचं तोंड उघडं राहिलं. आत तंबाखू होता. अख्खं वेटोळं.

तेराका आणि बातियाताची नजर एकाच वेळी तिथे गेली.

"माझ्या मुलाची मुलगी कुठाय?" वितिना म्हणाली.

अरितीताने बाळ आणून दाखवलं. तिचा चेहरा उतरला होता. सासूला नाही म्हणण्याची सोय नव्हती.

"गोड आहे," वितिना म्हणाली.

"कसली गोड," तेराका म्हणाली. "दिवसभर किरकिर. दूध ओकते."

"नाक तर बघा," बातियाता म्हणाली. "आमच्याकडे एवढं बसकं नाक कोणाचं नाही. कुठून आलं कोण जाणे."

वितिनाने स्वतःच्या नाकाला हात लावला.

"हगते पण हिरवं," तेराका म्हणाली. "मी एवढी बाळंतपणं केली, असं मूल नाही पाहिलं. झोपत म्हणून नाही. मी आहे म्हणून निभतंय."

"खरंय. तिच्या हातांशिवाय एक रात्र कोणी काढू शकणार नाही," बातियाता म्हणाली. "आणि हात तर मी मागून घेतलेत."

वितिना हटली नाही. ती इतक्या लांबून चार दिवस ओकत आली होती. तिने पिशवी मांडीवर ओढली. आता ती बोलणार हे तेराकाने ओळखलं. मोकळ्या हाताने तर ती परत जाणार नव्हती. तिला धरायला काहीतरी हवं होतं.

"या घरात सांगण्यासारखं एकच आहे," तेराका म्हणाली आणि उठून कोपऱ्यातल्या मशीनवरचं फडकं काढलं. "हे बघा. सुईत दोरा घालायचा, चाक फिरवायचं, की बारीक टाका, मुंगीच्या पायासारखा. असं मशीन तारावालाही मोजक्या घरी असेल. तेल एक थेंब लागतं. गंज नाही. आमच्या बातियाताचे तिबुते सगळे यावरचे. हे आहे म्हणून या घराला गावात मान आहे."

बातियाताने तिच्याकडे बघितलं. अरितीताने मान खाली घातली, आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला.

वितिना मशीनजवळ सरकली. तिने चाक एकदा फिरवलं. परत फिरवलं. सोनेरी वेलबुट्टीवरून बोट फिरवलं. बाळ नेमकं तेव्हाच किंचाळायला लागलं, आणि तेराकाने त्याला उगी करण्याची मुळीच घाई केली नाही.

वितिनाने तंबाखूचं वेटोळं काढून बातियातासमोर ठेवलं.

"मी मागायला आलेय," ती म्हणाली. "हे मशीन मला द्या."

बातियाताने मशीनवरच्या फडक्याची घडी केली आणि तंबाखूकडे बघितलं. मग तिने तो उचलला.

तिसऱ्या दिवशी मशीन पोत्यात गुंडाळून होडीत चढलं. कामातिएने ते स्वतः पाण्यातून उचलून नेलं. वितिना छत्री उघडून त्याच्या शेजारी बसली, एक हात त्याच्यावर ठेवून.

त्या दुपारी बातियाता मचाणाच्या काठाशी सुई-दोरा घेऊन बसली. बाळाचं अंगडं अर्धं राहिलं होतं. अरितीता विहिरीवर गेली होती. तेराकाने बाळ पायांवर घेतलं होतं आणि त्याच्या पोटऱ्यांना तेल लावत होती. त्याच्याही पायाची दुसरी बोटं अंगठ्याहून लांब होती. ती काही बोलली नाही. आता ती शिकली होती.

दोरा सुईत जात नव्हता. बातियाताने तो ओठांत ओला केला, पुन्हा घातला, पुन्हा चुकला.

"बाळाचं बरं केलंस," ती म्हणाली. "पण मशीनची स्तुती जरा जास्तच झाली. मुंगीच्या पायासारखा टाका म्हणे."

"त्याशिवाय ती हलली नसती."

"बिस्किटांच्या डब्याची करायचीस."

"तो मोआंगाने नेला," तेराका म्हणाली. "आणि तू हात मागितले होतेस. तोंडाचं काही बोलली नव्हतीस."

बातियाताने सुई तिच्यापुढे धरली. तेराकाने तेलाचे हात लावालावाला पुसले, सुई घेतली आणि दोरा पहिल्याच खेपेला ओवून परत दिला.